मानेवरचा मळ

३ डिसेंबर

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज काय खाल्लं ते लिहीत जा. म्हणून ही वही. सकाळी काही नाही, कारण उपाशीपोटी रक्त द्यायचं होतं. दुपारी नूडल्सचा मोठा वाडगा, कारण सकाळी काही नव्हतं. संध्याकाळी आईने केलेलं आंबवलेल्या कोबीचं आणि डुकराच्या मांसाचं कालवण, भात, आणि वर आईचा आग्रह.

कंपनीच्या वार्षिक तपासणीत माझ्या कागदावर एवढे बाण निघाले की नर्सबाईने तो उलटा करून हातात दिला. साखर वर, चरबी वर, यकृताभोवती मेद, रक्तदाब काठावर. म्हणून आज मोठ्या दवाखान्यात क्वान डॉक्टरीणबाईंकडे जावं लागलं. बाई शेवयीसारख्या बारीक. अशांनी आम्हाला वजनाबद्दल सांगावं!

त्यांनी पहिलाच प्रश्न काय विचारावा? "किती वर्षांच्या असल्यापासून अंगाने अशा आहात?"

मी म्हटलं, "जन्मापासून. पहिल्या वाढदिवसाचा माझा फोटो फोटोवाल्याने वर्षभर दुकानाच्या काचेत लावला होता. लोक मुद्दाम बघायला यायचे."

मला वाटलं, हसतील. त्या लिहीत राहिल्या. "म्हणजे तुमचं हृदय आणि यकृत पस्तीस वर्षं हे ओझं वाहतंय. चाळिशीत सुटलेल्या बाईची गोष्ट वेगळी. तुमचा आजार आज सुरू झालेला नाही, आज फक्त कागदावर आलाय."

मग विचारलं, घरात मुलं किती. एक मुलगी, नऊ वर्षांची. तिचं वजन कसं आहे? "चांगलं आहे," मी म्हटलं. खोटं काय त्यात? सगळे तसंच म्हणतात.

आईला सांगितलेलं नाही. नवऱ्याला, देजुनलाही नाही. तो दालिअनच्या जहाजबांधणीच्या गोदीत, दोन-तीन महिन्यांतून एकदा घरी येणार. फोनवर सांगून काय होणार आहे?

६ डिसेंबर

दिवसभर शिव्या खाल्ल्या, त्या मोजायच्या का? थंडी सुरू झाली की आमच्या कंपनीचा तक्रारींचा फोन थांबत नाही. घरं उबदार ठेवायला नळांतून घरोघरी गरम पाणी आम्ही पुरवतो, त्यामुळे ज्याचं घर गार त्याला मी वैरीण. आज एक आजोबा म्हणाले, "बाई, तू इथे येऊन माझ्या पांघरुणात बस, म्हणजे कळेल." शेजारच्या टेबलावरची मा ताई खिदळली. मग ती सगळ्यांना साखरेच्या पाकातली आंबट फळं घेऊन आली, काठीला लावलेली. मी एक काठी खाल्ली. फळंच होती.

सकाळी भात खाल्ला नाही तर आईने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला.

९ डिसेंबर, रविवार

आई, मी आणि पोरगी, तिघी गावच्या सार्वजनिक न्हाणीघरात गेलो. गरम पाण्याच्या टाकीत तास-दीड तास भिजत पडलं की आठवड्याचा शीण जातो. मला उघड्यावर बसायची लाज वाटत नाही. इथे सगळ्याच बायका सारख्या उघड्या. पण माझी रोंगरोंग आज टॉवेल गुंडाळून भिंतीकडे तोंड करून बसली. आई म्हणाली, "लाओलाओपुढे कसली लाज गं? तुझी आजी आहे मी. तुला हातात धरली तेव्हा टॉवेल होता का अंगावर?"

मग रगडणाऱ्या बाईच्या बाकावर आधी आई, मग मी, मग पोरगी. तिचा तो खरखरीत हातमोजा पाठीवरून फिरला की शेवया गळाव्यात तसा मळ गळतो. माझ्या मानेपाशी ती थांबली. "इथला काही सुटत नाही बघा."

आई म्हणाली, "ती लहान होती तेव्हापासून तसाच आहे. मळ धरणारी कातडी. हिच्या पोरीची बघा, हुबेहूब. द्या इकडे, मीच काढते." आणि तिने हातमोजा चढवून रोंगरोंगची मान रगडली. आई खाणीच्या खानावळीत तीस वर्षं होती, तिच्या मनगटात अजून जोर आहे. "खाणीतून वर आलेल्यांच्या पाठीसुद्धा साफ व्हायच्या. एवढ्याशा पोरीची मान होत नाही म्हणजे काय!"

रोंगरोंग रडली नाही. मी तिला म्हटलं, रोज साबण लावला असतास तर ही वेळ आली नसती. मानेच्या घडीत मळ साचतो, तिला दहा वेळा सांगितलंय.

घरी आल्यावर आईने तिला सोफ्यावर निजवलं आणि नेहमीसारखा तिच्या नडगीवर अंगठा दाबून पाहिला. रोज संध्याकाळी बघते. माझ्याही नडगीवर बघायची. काय बघते कोण जाणे. म्हातारीच्या तऱ्हा.

१४ डिसेंबर

वर्गशिक्षिकेचा निरोप आला, तोही पालकांच्या सामाईक ग्रुपवर, सगळ्यांना दिसेल असा. रोंगरोंगच्या स्वच्छतेकडे, विशेषतः मानेकडे, घरच्यांनी लक्ष द्यावं. माझे कान तापले. माझ्या घरात जमिनीवर वाढून जेवावं एवढी स्वच्छता असते!

रोंगरोंगला खोदून विचारलं तेव्हा कळलं, वर्गात तिला "खाण" म्हणतात. आमच्या गावात कोळशाची एवढी मोठी उघडी खाण आहे, पोरांना दुसरं काय सुचणार? "खाण आली, बाजूला व्हा, हात काळे होतील." एकाने तिच्या मानेवर खडूने रेघ मारून बघितली म्हणे, उमटते का.

"तू काय म्हणालीस?"

"काही नाही. मी पण हसले."

माझ्याने पुढे काही विचारवलं नाही. मलाही शाळेत "पिठाचं पोतं" म्हणायचे आणि मीही हसायचे. हसलं की लवकर संपतं. देजुनला फोनवर सांगितलं तर म्हणाला, "पोरं अशीच असतात. आई म्हणतात ना, उंची वाढली की सडपातळ होईल. तू नाही झालीस का?" आणि मग त्याच्या लक्षात आलं आणि त्याने विषय बदलला.

१६ डिसेंबर

आज न्हाणीघरात गेलो नाही. घरीच गरम पाण्यात मीठ आणि सोडा घालून मी तिची मान घासली. आई मागून सांगत होती, "वरून खाली, वरून खाली." मला शिक्षिकेचा निरोप आठवत होता आणि हात थांबत नव्हता. रोंगरोंग एकदाच म्हणाली, "आई, बास." पाहिलं तर कातडी सोलवटून लाल झाली होती. आणि लाल भागाच्या कडेला काळं होतं तसंच.

मलम लावून पट्टी बांधली. मग भूक लागली, मग मी स्वयंपाकघरात उभ्यानेच उरलेले गोड पुरणाचे चिकट पाव खाल्ले. किती ते लिहीत नाही.

२२ डिसेंबर

आज वर्षातला सगळ्यात लहान दिवस. आज डंपलिंग खाल्लं नाही तर थंडीत कान गळून पडतात असं आई मला लहानपणी सांगायची, आता रोंगरोंगला सांगते. मी पाच खाऊन हात आखडता घेतला. आईने वाडग्यात आणखी टाकली. मी बाजूला काढली. तिने परत टाकली.

"आई, पुरे म्हटलं ना!"

आई म्हणाली, "माझ्या हातचं कडू लागायला लागलं का?"

"तसं नाही गं."

"ऑफिसातल्या काटकुळ्या बायकांनी काहीतरी भरवलंय डोक्यात. अंगावर चार बोटं मांस हवं. आजारपण आलं तर खर्चायला काय असणार आहे?"

आजारपण आलंय, असं जिभेवर आलं होतं. मूग गिळून बसले. मी बाजूला काढलेली रोंगरोंगने संपवली, तेव्हा कुठे आईचा चेहरा सैल झाला. पोरीला बरोबर ठाऊक आहे लाओलाओला कसं खूश करायचं.

२ जानेवारी

लिहायला हात वळत नाही, पण दुसऱ्या कुणाला सांगू?

आज माझी फेरतपासणी होती. आई माहेरगावी लग्नाला गेलेली, शाळेला सुट्टी, म्हणून रोंगरोंगला बरोबर न्यावं लागलं. म्हटलं, बाहेर बाकावर बसेल. पण तिला बाहेर एकटीला बसायचं नव्हतं.

क्वान डॉक्टरीणबाई माझे कागद बघत होत्या. साखर फारशी उतरलेली नव्हती. त्यांची नजर रोंगरोंगच्या पट्टीवर गेली. "हिला काय लागलंय?"

मी म्हटलं, "काही नाही. मळ निघत नव्हता, घासताना सोललं."

त्यांनी हळूच पट्टी उचलली. मग तिचा दंड वर करून काखेत पाहिलं. मग मला म्हणाल्या, "स्कार्फ काढा."

मी हिवाळाभर स्कार्फ घालते. मी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यातही उंच गळ्याचे कपडे घालते. काढला.

"हा मळ नाही," त्या म्हणाल्या. "हा घासून जाणारच नाही. शरीरात साखर जिरवायचं काम जड झालं की कातडी अशी दाट आणि काळी पडते. तुम्हाला किती वर्षांपासून आहे?"

"लहानपणापासून," मी म्हटलं.

"आणि एवढ्या वर्षांत कुणी म्हटलं नाही?"

काय सांगू? सगळ्यांनी म्हटलं. मान धू म्हणून.

रोंगरोंगने विचारलं, "म्हणजे मी घाणेरडी नाही?" डॉक्टरीणबाईंनी खुर्ची तिच्याजवळ सरकवली आणि म्हणाल्या, "अजिबात नाही. तुझ्याएवढी घासलेली मान मी आयुष्यात पाहिली नाही." तेव्हा पोरगी हसली. खरं हसली, शाळेतल्यासारखं नाही. आणि मी तिथे, परक्या बाईसमोर, हुंदके देऊन रडले.

तिचंही रक्त घेतलं.

४ जानेवारी

रोंगरोंगची साखर काठावर. अजून पलीकडे गेलेली नाही. यकृत थोडं कुरकुरतंय. औषध नाही. डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या, "तुम्हाला छत्तिसाव्या वर्षी कळलं, तिला नवव्या वर्षी कळलंय. लहानपणी जाड असलेली बरीच मुलं मोठेपणीही तशीच राहतात, आणि त्यांच्या हृदयाला, साखरेला धोका जास्त असतो. पण मोठं व्हायच्या आत वजन ताळ्यावर आलं, तर तो धोका पुष्कळ कमी होतो. तिच्याकडे वेळ आहे."

वेळ आहे, वेळ आहे, असं मी बसमध्ये मनाशी घोकत आले आणि उतरायचा थांबा चुकले.

८ जानेवारी

घरातले सगळे गोड डबे मा ताईच्या घरी नेऊन टाकले. रोंगरोंगला सकाळी एक अंडं आणि अर्धी वाटी पेज. दुपारी पालेभाजी. रोज सकाळी वजनाच्या काट्यावर उभी करते. आज ती उतरून म्हणाली, "आज रागावणार आहेस का?" मी रागावत कुठे होते? काळजी करत होते. माझा चेहराच तसा आहे.

आई लग्नाहून परत आली. अजून तिला सांगितलेलं नाही. तिला वाटतंय मी नव्या वर्षाचं वेड घेतलंय.

११ जानेवारी

रोंगरोंगची गादी झाडताना उशीच्या खोळीत सॉसेजचं अर्धं कांडं सापडलं, दात मारलेलं. मी ओरडले. ती म्हणाली, "लाओलाओने दिलं." आई म्हणाली, "हो, मी दिलं. पोरगी भुकेने आडवी होत होती. तू काय सावत्र आहेस का?"

असं वाटलं, सगळं सोडून गोदीत देजुनकडे निघून जावं. मला काहीच धड जमत नाही. मी स्वतः काल ऑफिसात दोन बन खाल्ले, हे इथे लिहिलं नव्हतं. आता लिहिते.

१३ जानेवारी

आज आईने सणाची आठ धान्यांची खीर केली, तिच्या पद्धतीने, खजूर आणि खडीसाखर घालून. रोंगरोंगच्या पुढचा वाडगा मी उचलला. तोच क्षण. सगळं बोलून टाकलं. माझी साखर, तिची साखर, मान. म्हटलं, "तो मळ नव्हता, आई. तीस वर्षं तू आजार घासत होतीस."

असं बोलायला नको होतं.

आई स्वतःच्या हातांकडे बघत होती. मग म्हणाली, "डॉक्टर काहीही बोलतात." मग म्हणाली, "म्हणजे मी माझ्या हाताने भरवलं ते." मी रोंगरोंगला आत पाठवलं.

मग तिने मला जे सांगितलं ते पूर्वी कधी सांगितलं नव्हतं. ती पाच वर्षांची असताना, देशभर उपासमार झाली त्या वर्षांत, तिच्या धाकट्या बहिणीचे पाय भरले. गाल भरले. शेजारपाजारचे म्हणायचे, बघा, या घरात काहीतरी लपवून खातायत, पोरगी बाळसं धरतेय. आईला हेवा वाटायचा. "मला वाटायचं, हिला मिळतंय आणि मला नाही." वसंत यायच्या आत धाकटी गेली. ती सूज होती. बोट दाबलं की खड्डा राहायचा.

"म्हणून मी दाबून बघते," आई म्हणाली. "तुझ्या पायात कधी खड्डा राहिला नाही, छिउ. एकदाही नाही. मला वाटायचं, आपण जिंकलो."

मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला आणि खिरीचं पातेलं घासायला गेली.

१६ जानेवारी

आई तिच्या जुन्या घरी राहायला गेलीय. म्हणते, तिथले नळ गार पडलेत का बघायचंय. नळ आमच्याच कंपनीचे आहेत, कडकडीत गरम आहेत. रोंगरोंग विचारते, लाओलाओ माझ्यामुळे गेली का? मी नाही म्हणते. तिला पटत नाही. मलाही पटत नाही.

२१ जानेवारी

ऑफिसात फोनवर एका म्हातारीने तक्रार केली, "घर थंड आहे." तपमान विचारलं तर बावीस. म्हटलं, "आजी, बावीस म्हणजे छान गरम." म्हणाली, "माणूस नाही ना घरात." मी फोन ठेवला आणि सुट्टी टाकून थेट आईकडे गेले. तिला ओढतच दवाखान्यात नेलं, रोंगरोंगला घेऊन. म्हटलं, आता जे काय ते तिघींसमोर होऊ दे.

आईने दारातूनच बाईंना सुनावलं, "माझ्या नातीला उपाशी ठेवायला तुम्ही सांगितलंत?"

"मी?" डॉक्टरीणबाई माझ्याकडे वळल्या. मी अंडं, पेज, काटा, सगळं सांगितलं. मला वाटलं, शाबासकी मिळेल. त्यांनी कपाळाला हात लावला. "तिचं वजन उतरवायचं नाहीये. वाढायचं थांबवायचंय. ती अजून उंच होणार आहे. वजन आहे तिथे राहिलं तरी ते हळूहळू तिच्या मापाचं होईल. तिला पोटभर खाऊ द्या. गोड पेयं बंद, तळलेलं क्वचित, रोज धावू-खेळू द्या. आणि तो काटा तिच्यासमोरून उचला."

"बघ!" आई मला म्हणाली. "उंची ओढून घेईल, मी काय म्हणत होते?"

"तुम्ही अर्धं बरोबर म्हणत होता," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "उरलेलं अर्धं म्हणजे, तुम्ही तिच्या वाडग्यात वाढणं थांबवलं तर."

आईला हे लागलं. पण बाहेर येताना तिने रोंगरोंगचा हात धरला होता, आणि आमच्याच बसमध्ये चढली.

२८ जानेवारी

आई घरी आहे. तीन दिवस तिने न बोलता स्वयंपाक केला. कोबी जास्त, मांस कमी, तेल दिसेल न दिसेल एवढं. चव बेताची. दुपारी ती आणि रोंगरोंग गोठलेल्या नदीवर घसरगाडी खेळायला गेल्या. आई गाडी ओढत होती म्हणे, आणि मग रोंगरोंगने आईला बसवून ओढली. दोघी लाल नाकांनी परत आल्या. मी दिवसभर फोनवर शिव्या खात होते आणि मला त्यांचा हेवा वाटला.

आज मी काट्यावर उभी राहिले. लिहिण्यासारखं काही नाही. भीती जात नाही. माझी गाडी फार पुढे गेलीय का, हा विचार फोन वाजायचा थांबला की लगेच येतो.

४ फेब्रुवारी

आज जुन्या पंचांगाप्रमाणे वर्षाची शेवटची संध्याकाळ. देजुन सकाळच्या गाडीने आला. खाली फटाक्यांचा नुसता धूर झालाय आणि तो आत्ता रोंगरोंगला मिठाईची नाही, फुलबाज्यांची पेटी दाखवतोय. मी तेवढ्यात लिहून घेते.

जेवायला बसलो. आईने मासा, कोबीची डंपलिंग, टोफू, थोडं तळलेलं आंबटगोड मांस केलं होतं. आजच्या दिवशी ते हवंच, त्याला मीही नाही म्हटलं नाही. रोंगरोंगचा वाडगा रिकामा झाला. आईने सवयीने काड्यांत एक डंपलिंग पकडलं आणि तिच्या वाडग्यावर नेलं. आणि हात तिथेच थांबला. डंपलिंगमधून रस ठिबकत होता.

आई म्हणाली, "रोंगरोंग, पोट भरलं का गं?"

माझ्या उभ्या आयुष्यात या बाईने हा प्रश्न कुणाला विचारलेला मी ऐकला नव्हता. मलाही कधी विचारला नव्हता. मीही माझ्या मुलीला कधी विचारला नव्हता. मी "पुरे" म्हणायचे किंवा "खा" म्हणायचे.

रोंगरोंगने आधी माझ्याकडे पाहिलं, मग आजीकडे, मग परत माझ्याकडे. कुठलं उत्तर बरोबर आहे ते शोधत होती. कुणी खूण केली नाही. शेवटी ती म्हणाली, "कसं कळतं ते?"

मी तोंड उघडलं, पण मला सांगता येईना. मला भुकेची सुरुवात कळते. वाडगा रिकामा झालेला कळतो. रागावलेलं आणि घाबरलेलं कळतं. भरलेलं कसं लागतं ते मला माहीत नाही. मी आईकडे पाहिलं.

आईने डंपलिंग परत ताटात ठेवलं. "मला नको विचारू बाई," ती म्हणाली. "माझ्या वेळी ते कधी झालंच नाही, आणि नंतर मी कधी थांबून बघितलं नाही."

देजुन काहीतरी गंमत करणार होता, मी त्याला नजरेनेच गप्प केलं. मग मी माझ्या काड्या खाली ठेवल्या. आईने ठेवल्या. रोंगरोंगने आमच्याकडे बघून तिच्याही ठेवल्या आणि दोन्ही हात पोटावर धरले. जेवण समोर गरम होतं, आणि आम्ही तिघी काही न खाता, कळतंय का ते बघत बसलो.